आयर्लंड : जकातनाकी आणि बंदुका एकाच रस्त्यावरून कशा गेल्या

उंबरठा

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात युरोपच्या संरक्षणखर्चावर चर्चा चालू होती, तेव्हा कुणीतरी लिहिलं होतं की छोट्या देशांना तिथे विचारतो कोण, जर्मनी-फ्रान्स ठरवतात आणि बाकीचे माना डोलावतात. उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढणंच बरं वाटलं.

मी नऊ वर्षं डंडॉकला राहतो. आयर्लंडच्या ईशान्य कोपऱ्यातलं, लाऊथ परगण्यातलं हे गाव. डब्लिन-बेलफास्ट महामार्ग गावाला वळसा घालून जातो. उत्तरेकडे निघालं की दहा-बारा मिनिटांत देश बदलतो, ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड सुरू होतं. कळतं कसं? रस्त्याच्या कडेची पिवळी तुटक रेघ संपते आणि पांढरी सुरू होते. वेगाच्या पाट्यांवर किलोमीटरच्या जागी मैल येतात. बाकी काही नाही. नाकं नाही, फाटक नाही, गणवेशातला माणूस नाही.

माझ्या कामावर साठीचा एक गृहस्थ आहे, इथलाच. त्याच्या लहानपणी याच रस्त्यावर गाड्यांची रांग लागायची. लोणी तिकडे स्वस्त, म्हणून आई ते मागच्या सीटखाली ठेवायची आणि पोरांना वर बसवायची. जकात शिपाई डिकी उघडून बघायचा. थोडं पुढे गेलं की ब्रिटिश सैनिकांची दुसरी तपासणी, टेकडीवर टेहळणी मनोरा. त्याने एक वाक्य सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही: "आम्हाला लहानपणी जकातवाला आणि बंदूकवाला वेगळे वाटतच नव्हते."

धागा काढण्याचं कारण हेच. व्यापार आणि नि:शस्त्रीकरण हे आपण दोन वेगळे विषय धरतो. या देशात ते कधी वेगळे नव्हतेच. त्यामुळे २०२२ च्या जनगणनेत जेमतेम ५१-५२ लाख लोकांच्या, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त वस्तीच्या देशाने या दोन्ही बाबतींत आपल्या आकाराला न शोभेल एवढं काम केलंय.

सुरुवात १९३२ पासून करतो. ब्रिटिश काळात शेतकऱ्यांनी जमीन घ्यायला काढलेल्या कर्जाचे हप्ते ब्रिटनला द्यायचे नाहीत असं आयर्लंडमधल्या डी व्हॅलेरांच्या सरकारने ठरवलं. ब्रिटनने आयरिश गुरांवर आणि शेतमालावर आधी २० टक्के जकात लावली, मग आणखी वाढवली. जवळजवळ सगळी निर्यात एकाच गिऱ्हाइकाकडे, आणि त्यानेच दार लावलं. गुरांचे भाव इतके पडले की वासरं मारायला सरकार कातड्यामागे पैसे देऊ लागलं. दुभत्या गाईच्या जिवावर जगणाऱ्या शेतकऱ्याने गोठ्यातलं वासरू स्वतः मारायचं, कारण समुद्रापलीकडे दर वाढलाय. सहा वर्षं हे चाललं. २५ एप्रिल १९३८ ला तोडगा निघाला: आयर्लंडने एकरकमी १ कोटी पौंड द्यायचे, जकातीचं भांडण मिटवायचं, आणि ब्रिटिश आरमाराने आयर्लंडच्या स्वातंत्र्यानंतरही स्वतःकडे ठेवलेली तीन बंदरं (कोव्ह, बेअरहेवन आणि लॉख स्विली) आयर्लंडला परत द्यायची. गुरांवरची जकात आणि तोफांची बंदरं एकाच दिवसाच्या करारांत. दीड वर्षाच्या आत महायुद्ध सुरू झालं. ती बंदरं ब्रिटनकडे असती तर आयर्लंडला तटस्थ राहता आलंच नसतं.

त्या वेळचे संरक्षणमंत्री होते फ्रँक एकेन. या माणसासाठी खरं तर वेगळा धागा हवा. जन्म १८९८, सीमेलगतच्या आर्माग परगण्यातल्या कॅमलॉखचा. ब्रिटिशांविरुद्ध बंदूक घेऊन लढले. मग यादवी युद्धात ते ब्रिटनशी झालेला करार अमान्य असणाऱ्यांच्या बाजूला होते, आणि ऑगस्ट १९२२ मध्ये आमचं हे डंडॉक त्यांनी हल्ला करून घेतलं होतं. पुढच्या वर्षी त्या बाजूचे लष्करप्रमुख झाले आणि २४ मे १९२३ ला त्यांनीच आपल्या माणसांना आदेश दिला: लढाई थांबवा, शस्त्रं पुरून ठेवा.

हाच माणूस परराष्ट्रमंत्री म्हणून संयुक्त राष्ट्रांत गेला. आयर्लंडला सदस्यत्वच डिसेंबर १९५५ मध्ये मिळालं होतं. १९५८ च्या ऑक्टोबरात एकेननी ठराव मांडला की अण्वस्त्रं आणखी देशांच्या हातात जाऊ नयेत. तेव्हा अण्वस्त्रं तीन देशांकडे होती: अमेरिका, रशिया, ब्रिटन. अमेरिका तर नाटोतल्या मित्रांकडे ती ठेवायच्या बेतात होती, त्यामुळे तिला हे नको होतं. त्यातल्या एका परिच्छेदावर मतदान झालं: ३७ बाजूने, विरोधात शून्य, ४४ तटस्थ. एकेननी ठराव मागे घेतला. १९५९ ला परत आणला, १९६० ला परत आणला. दरवर्षी शब्द थोडे बदलायचे आणि एकेक राजधानी पटवायची. ४ डिसेंबर १९६१ ला आमसभेने तो एकमताने मंजूर केला. ठराव क्रमांक १६६५, आजही 'आयरिश ठराव' म्हणूनच ओळखतात. त्यातूनच १९६८ चा अण्वस्त्रप्रसारबंदी करार निघाला. १ जुलै १९६८ ला तो सह्यांसाठी खुला झाला, तेव्हा एकेन मॉस्कोला होते आणि पहिली सही आयर्लंडची झाली.

चार वर्षं एकाच ठरावाचा पिच्छा पुरवणं. ना फौज, ना बाजारपेठ. हा देश तेव्हा इतका गरीब होता की पोरं बोटीत बसून इंग्लंडला मजुरीला जात होती.

व्यापाराचं दुसरं वळण १ जानेवारी १९७३ चं. आयर्लंड, ब्रिटन आणि डेन्मार्क एकाच दिवशी युरोपीय समुदायात आले. आयर्लंडमध्ये त्याआधी सार्वमत झालं, ८३ टक्के लोक 'हो' म्हणाले. तेव्हा निम्म्याहून जास्त निर्यात एकट्या ब्रिटनला जात होती. ती एका गिऱ्हाइकाची गुलामी त्या दिवशी सैल पडायला लागली. आणि १ जानेवारी १९९३ ला युरोपची एकसंध बाजारपेठ आली तशी आमच्या रस्त्यावरची जकातनाकी उठली. मनोरे मात्र राहिले. ते उतरायला उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार मिटवणारा १९९८ चा गुड फ्रायडे करार व्हावा लागला.

ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याचा, भाग मुद्दाम ठेवलाय. आधी तुम्ही लिहा.

सुरंगी

वाचताना मालवण डोळ्यांपुढे आलं, कारण ब्रेक्झिटच्या त्या भागात आमच्या तालुक्याचा माणूस आहे. लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव वराड. मालवण तालुक्यात, माझ्या माहेराहून फार लांब नाही. २०१९ च्या डिसेंबरअखेर ते आयर्लंडचे पंतप्रधान असताना कुटुंबासह गावात आले होते. अख्खा गाव लोटला होता. माझी आत्ये तिथे होती. ती सांगते, घराच्या उंबऱ्यावर ओवाळलं तेव्हा पोलीस बंदोबस्तातल्या माणसांनीही टोप्या काढल्या.

पण मला सांगायचंय ते वर्तमानपत्राचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रसेल्सला युरोपीय नेत्यांची बैठक होती. ब्रेक्झिटनंतर आयर्लंडच्या सीमेवर जकात तपासणी पुन्हा येणार का, यावर सगळं अडलेलं. जेवणाच्या टेबलावर वराडकरांनी आयरिश टाइम्सचा अंक बाहेर काढला आणि सगळ्यांना दाखवला. त्यात सीमेपलीकडच्या, उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरीच्या जकात कचेरीची बातमी होती. २२ ऑगस्ट १९७२ ला तिथे बॉम्ब फुटला, नऊ माणसं गेली. त्यात बॉम्ब आणणारे तिघे होते आणि बाकीचे जकात कारकून आणि ट्रकचालक. आपापल्या नोकरीवर आलेली साधी माणसं.

बाकीच्या नेत्यांसमोर दराचे तक्ते ठेवता आले असते. त्याऐवजी त्या एका कचेरीची बातमी ठेवली. तुमच्या सहकाऱ्याने जे एका वाक्यात सांगितलं तेच ते. वर्षभराने, १० ऑक्टोबर २०१९ ला, लिव्हरपूलजवळच्या विरलमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याशी त्यांची भेट झाली आणि आठवड्यात करार झाला. जकातीची रेघ जमिनीवर न येता आयरिश समुद्रात गेली.

गावच्या माणसाचा अभिमान आहेच, पण त्यापेक्षा मला हे जास्त भावतं की त्या माणसाला सीमा म्हणजे काय हे माहीत होतं आणि त्याने ते इतरांना दाखवलं.

अणुरेणू

उंबरठा, लेख मनापासून आवडला. एकेन यांच्या चिकाटीबद्दल दुमत नाही. पण एक बाजू राहतेय आणि ती आपली आहे.

माझे वडील तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला होते. माझं लहानपण तिथल्या वसाहतीत गेलं. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने तारापूरच्या इंधनाची टाळाटाळ सुरू केली. १९६३ च्या करारात पुरवठ्याची हमी होती, तरी १९७८ मध्ये स्वतःचा नवा कायदा करून त्यांनी हात वर केले. १९८२ मध्ये फ्रान्स पुढे आला तेव्हा कुठे सुटका झाली. घरी रात्री जेवताना वडील आणि त्यांचे मित्र एवढंच बोलायचे, किती महिने पुरेल. तेव्हा 'प्रसारबंदी' हा शब्द आमच्या घरात चांगल्या अर्थाने कधी उच्चारला गेला नाही.

१९६१ च्या आयरिश ठरावाला भारताचाही पाठिंबा होता हे खरं. एकमताने मंजूर झाला म्हणजे आपणही त्यात होतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९६५ च्या ठराव २०२८ मध्ये आपला आग्रह होता की बंधनं दोन्ही बाजूंना हवीत, ज्यांच्याकडे अण्वस्त्रं आहेत त्यांनाही. प्रत्यक्षात करार आला तो असा: १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्याने स्फोट केला तो अण्वस्त्रधारी, बाकीचे कायमचे नाहीत. चीनने ऑक्टोबर १९६४ मध्ये स्फोट केला म्हणून तो रेघेच्या आत. दारावर तारीख लिहून ठेवली. कलम ६ मध्ये मोठ्यांनी नि:शस्त्रीकरणाच्या वाटाघाटी कराव्यात असं म्हटलंय, पण मुदत नाही. म्हणून भारताने सही केली नाही.

आणि २००८ आठवतंय? सप्टेंबरात व्हिएन्नामध्ये अणुपुरवठादार गटाच्या ४५ देशांची बैठक. भारताला नागरी अणुव्यापाराची सूट द्यायची की नाही. अडून बसलेले सहा देश होते: ऑस्ट्रिया, न्यूझीलंड, नॉर्वे, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स आणि आयर्लंड. त्या दोन रात्री मी टीव्हीसमोरून उठलो नाही. परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जींनी ५ सप्टेंबरला निवेदन दिलं की भारत चाचणीबंदीच्या स्वतःहून दिलेल्या शब्दाला बांधील आहे, आणि ६ तारखेला सूट मिळाली. तेव्हा या छोट्या देशांचा मला फार राग आला होता. आज तेवढा नाही, पण तो राग खोटा नव्हता.

उंबरठा

अणुरेणू काका, तुमच्या प्रतिसादाची वाटच बघत होतो. तारापूरचा अनुभव कुणी नाकारू शकणार नाही.

दोन गोष्टी मांडतो. एक, आयर्लंडचं भारताशी वाकडं नव्हतं. स्वतः लिहून आणलेल्या नियमाला अपवाद होतोय म्हणून ते अडले, आणि अमेरिकेचा दाब येऊनही शेवटच्या दिवसापर्यंत अडले. या देशाची पोटापाण्याची सगळी गणितं अमेरिकी कंपन्यांवर उभी असताना.

दुसरं, मोठ्यांनी शब्द पाळला नाही ही तुमची तक्रार आयर्लंडचीही होती. पोखरणच्या दुसऱ्या चाचण्या मे १९९८ मध्ये झाल्या आणि जूनमध्ये डब्लिनला आठ देशांनी मिळून 'न्यू अजेंडा' गट काढला: ब्राझील, इजिप्त, आयर्लंड, मेक्सिको, न्यूझीलंड, स्लोव्हेनिया, दक्षिण आफ्रिका, स्वीडन. त्यांचा रोख भारत-पाकिस्तानवर होता तितकाच पाच मोठ्या अण्वस्त्रधारी देशांवर. प्रसारबंदी कराराच्या २००० च्या आढावा परिषदेत नि:शस्त्रीकरणाचे जे तेरा टप्पे ठरले ते या गटाने रेटून धरल्यामुळे. आणि कलम ६ कुणी हलवत नाही म्हटल्यावर २०१७ मध्ये अण्वस्त्रांवर सरसकट बंदीचा करार आला, १२२ मतांनी. आयर्लंड तो घडवणाऱ्या देशांपैकी. मंजुरीचे कागद त्यांनी ६ ऑगस्ट २०२० ला जमा केले, हिरोशिमाला ७५ वर्षं झाली त्या दिवशी. युरोपीय संघातले फक्त तीन देश त्यात आहेत: ऑस्ट्रिया, आयर्लंड, माल्टा. त्या करारात दारावर तारीख नाही, सगळ्यांना सारखाच.

त्याच २००८ च्या मे महिन्यातली दुसरी गोष्ट. क्लस्टर बॉम्ब, म्हणजे हवेत उघडून शेकडो छोटे बॉम्ब विखुरणारं हत्यार. त्यातले कितीतरी फुटतच नाहीत, शेतात पडून राहतात आणि वर्षांनंतर नांगराला किंवा पोराच्या हाताला लागतात. त्यावर बंदीचा मसुदा ठरवायला १९ ते ३० मे डब्लिनमध्ये परिषद भरली. जागा कुठली? क्रोक पार्क. गेलिक फुटबॉलचं मैदान. २१ नोव्हेंबर १९२० ला याच मैदानात सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या होत्या, चौदा माणसं मेली. एक खेळाडूही होता, ज्याच्या नावाचा स्टँड आज तिथे आहे. मी तिथे सामना बघायला गेलो की आधी त्या स्टँडकडे बघतो. परिषदेच्या दहाव्या दिवशी, २८ मेला, ब्रिटनने जाहीर केलं की आमचे सगळे क्लस्टर बॉम्ब सोडून देतो. त्याच मैदानात. ३० मेला १०७ देशांनी मसुदा मान्य केला.

त्यासाठी किंमत मोजावी लागली हेही सांगतो. करारात नसलेल्या देशांबरोबर संयुक्त मोहिमा करायला मुभा देणारं कलम २१ घालावं लागलं, नाहीतर नाटोचे देश आले नसते.

नांगरट

शेतकऱ्याच्या पोराला यात बोलायला जागा आहे म्हणून लिहितोय. १९९३-९४ मध्ये मी लातूरला कॉलेजात होतो. डंकेल प्रस्तावावरून (जागतिक व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या 'गॅट' वाटाघाटींचे प्रमुख डंकेल यांचा मसुदा) गावोगाव भांडणं. बियाणं परदेशी कंपन्यांचं होणार, शेतकरी गुलाम होणार, असे मोर्चे. आणि शेतकरी संघटनेचे शरद जोशी उलट बाजूने उभे: खुला व्यापार शेतकऱ्याच्या फायद्याचा, आत्तापर्यंत सरकारनेच त्याचा भाव पाडलाय. आमच्या घरात थोरले काका एका बाजूला, वडील दुसऱ्या. दिवाळीत बोलणं बंद.

त्या वाटाघाटी ज्याने पूर्णत्वाला नेल्या तो माणूस आयरिश होता हे मला फार उशिरा कळलं. पीटर सदरलँड. डंकेल यांच्या जागी १९९३ मध्ये गॅटचे प्रमुख झाले, १५ डिसेंबर १९९३ ला सात वर्षं रखडलेल्या उरुग्वे फेरीवर हातोडा त्यांनीच मारला, आणि जागतिक व्यापार संघटनेचे पहिले महासंचालकही तेच. त्याआधी ब्रसेल्समध्ये युरोपीय आयोगात स्पर्धा धोरणाचे आयुक्त.

उंबरठा यांनी वासरांचं लिहिलंय ते वाचून एक लक्षात आलं. एका गिऱ्हाइकावर अवलंबून राहण्याचे चटके खाल्लेल्या देशातून असा माणूस यावा हे योगायोगाचं नसावं. छोट्या देशाला नियम लागतात. मोठ्याला नियम नसले तरी चालतं, तो दर वाढवून मोकळा होतो. हे मला आमच्या कांद्याने शिकवलंय. निर्यातबंदी रात्रीत येते आणि सकाळी बाजार समितीत भाव निम्मा.

तरी सदरलँड यांचं सगळं मला पटत नाही. त्या करारात युरोप-अमेरिकेने स्वतःच्या शेतकऱ्यांची अनुदानं बऱ्यापैकी वाचवली आणि आयरिश दूधवाला त्याचा लाभार्थी होता. आमचा कापूसवाला नव्हता.

विधिज्ञा

कायद्याच्या अंगाने एक भर घालते, कारण 'छोट्याला विचारतो कोण' याचं खरं उत्तर मला तिथे दिसतं.

रेमंड क्रॉटी नावाचे एक आयरिश गृहस्थ होते. आधी शेतकरी, मग शेती-अर्थशास्त्रज्ञ. १९८६ मध्ये युरोपने 'एकसंध युरोपीय कायदा' केला. एकसंध बाजारपेठेचा पाया तोच, पण त्यातच परराष्ट्र धोरण एकत्र ठरवण्याचं प्रकरण जोडलेलं होतं. क्रॉटी एकटे कोर्टात गेले: बाजारासाठी म्हणून लोकांनी मत दिलं, परराष्ट्र धोरण बांधून द्यायला कधी दिलं? एप्रिल १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं ऐकलं. अख्ख्या युरोपचा करार एका माणसामुळे काही महिने खोळंबला. तेव्हापासून युरोपीय संघाचा प्रत्येक मोठा करार आयर्लंडमध्ये सार्वमताला जातो.

परिणाम बघा. जून २००१, युरोपीय संघाचा नीस करार: लोक 'नाही' म्हणाले. मोठी भीती हीच की आपली पोरं युरोपीय फौजेत जातील. मग सेव्हिलमध्ये युरोपने लिहून दिलं की आयर्लंडच्या लष्करी तटस्थतेला धक्का नाही, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये 'हो'. लिस्बन करार: १२ जून २००८ ला ५३ टक्क्यांनी 'नाही'. क्रोक पार्कची परिषद संपून जेमतेम दोन आठवडे झाले होते. पुन्हा हमी, पुन्हा मतदान, ऑक्टोबर २००९ मध्ये ६७ टक्के 'हो'. काही जण म्हणतात, लोकांना पुन्हा पुन्हा विचारून थकवलं. मला तसं वाटत नाही. त्या हमीपत्रात तटस्थता आणि कंपनी कर दोन्ही शेजारी शेजारी आहेत. व्यापार आणि शस्त्रं, उंबरठा म्हणतात तसं, एकाच कागदावर.

कॅनडा-युरोप व्यापार कराराचंही तसंच. एका खासदाराच्या दाव्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की आहे त्या कायद्यात त्याला मंजुरी देता येणार नाही.

पश्चिमवारा

थोडं कडू लिहितोय, माफ करा. मी गॉलवेत बारा वर्षं काढली आणि या देशावर जीव आहे म्हणूनच.

तटस्थता स्वस्तात मिळते तेव्हा ती किती खरी? आयर्लंड उत्पन्नाचा अर्धा टक्काही संरक्षणावर खर्च करत नाही. आकाशात घुसखोर विमान आलं तर अडवायला लढाऊ विमान नाही. समुद्राखालून जाणाऱ्या इंटरनेटच्या तारा याच्या पाण्यातून आणि जवळून जातात, त्यांची राखण करायला आरमारात पुरेसे खलाशी नाहीत. इराक युद्धाच्या वेळी अमेरिकी सैन्याची विमानं आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर उतरून पुढे जात होती. मी त्या निदर्शनांत पावसात उभा होतो.

आता तर शेजारची हवाच बदललीय. लिथुआनिया मार्च २०२५ मध्ये क्लस्टर बॉम्ब बंदीतून बाहेर पडला. बाल्टिक देश, पोलंड आणि फिनलंड यांनी भूसुरुंगबंदी सोडायचं ठरवलं. रशियाला लागून राहणाऱ्याला डब्लिनने शहाणपण शिकवावं का? आणि आयर्लंडमध्येही जे 'तिहेरी कुलूप' आहे, म्हणजे बारापेक्षा जास्त सैनिक परदेशी मोहिमेवर पाठवायचे तर संयुक्त राष्ट्रांची, सरकारची आणि संसदेची अशी तिन्ही मान्यता, त्यातलं पहिलं कुलूप काढायचा मसुदा सरकारनेच २०२५ मध्ये आणलाय. सुरक्षा परिषदेत रशियाचा नकाराधिकार आपल्या सैनिकांवर चालू नये हे कारण, आणि ते कारण पोकळ नाही.

मंदाकिनी

पश्चिमवारा, तुमचं बोलणं पटतं आणि तरी मला एक लहान गोष्ट सांगावीशी वाटते.

१९ जुलै १९८४. डब्लिनच्या हेन्री स्ट्रीटवरच्या एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर एकवीस वर्षांची मुलगी बसली होती. गिऱ्हाइकाने दोन ग्रेपफ्रूट पुढे ठेवली. दक्षिण आफ्रिकेची. कामगार संघटनेने सांगितलं होतं की वर्णद्वेषी राजवटीचा माल हाताळू नका. तिने नकार दिला, दुकानाने तिला निलंबित केलं आणि तिच्याबरोबर दहा-एक सहकारी बाहेर पडले. बहुतेक मुलीच. दक्षिण आफ्रिका नकाशात नेमकी कुठे हेही काहींना माहीत नव्हतं, असं त्यांनीच नंतर सांगितलं. पावणेतीन वर्षं त्या फुटपाथवर उभ्या होत्या. आठवड्याला मिळायचे ते संपाचे चिल्लर पैसे. शेवटी १९८७ मध्ये आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेची फळं-भाजी आणायला बंदी घातली. १९९० मध्ये मंडेला डब्लिनला आले तेव्हा त्यांना भेटले.

भारताने तो व्यापार स्वातंत्र्याच्याही आधी, १९४६ मध्ये तोडला होता. आपल्याला हे शाळेत कुणी शिकवलं नाही.

आज पॅलेस्टाइनच्या व्याप्त भागातल्या वसाहतींचा माल अडवणारं विधेयक तिथे २०१८ पासून फिरतंय. अडचण हीच की व्यापार धोरण युरोपीय संघाचं, एकट्या देशाचं नाही. त्या मालाची किंमत नगण्य आहे. ग्रेपफ्रूटही दोनच होती.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. पश्चिमवारा, तुम्ही मांडलेलं कुणीही खोडू नये. उत्तर म्हणून नाही, फक्त एका माणसाचं काम सांगतो.

डेव्हिड ओसुलिव्हन. आयरिश अधिकारी, २००५ ते २०१० युरोपीय आयोगात व्यापार खात्याचे महासंचालक. जानेवारी २०२३ पासून त्यांना युरोपने निर्बंधांसाठी खास दूत नेमलं. काम काय? रशियाच्या क्षेपणास्त्रांच्या आणि ड्रोनच्या अवशेषांत ज्या चिपा सापडतात, त्यातल्या कितीतरी पाश्चात्त्य कंपन्यांच्या. साध्या वस्तू, धुलाई यंत्रातही लागतात. त्या तिसऱ्याच देशातून फिरून जातात. मग जकातीच्या सहा आकडी वर्गवारीतून पन्नास-एक नोंदी वेगळ्या काढायच्या आणि एकेका राजधानीत जाऊन सांगायचं की तुमच्याकडची या मालाची आयात अचानक का वाढली बघा. कझाकस्तान, किर्गिझस्तान, तुर्कस्तान, अमिराती. जकातीच्या कागदाने शस्त्र अडवायचं. आमच्या रस्त्यावरचा जकातवाला आणि बंदूकवाला पुन्हा एकाच जागी आले, फक्त या वेळी पहिला दुसऱ्याला अडवायला उभा आहे.

नांगरट, तुमच्या कापसाचा मुद्दा तसाच राहू दे, त्यावर तुम्हीच धागा काढा.

एक राहिलं. ही उघडी सीमा आमच्यासारख्यांना उघडी नाही. भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्याला उत्तर आयर्लंडमध्ये जायचं तर ब्रिटिश व्हिसा लागतो. अडवायला कुणी नसलं तरी कायदा आहे. आठ वर्षं मी त्या पिवळ्या रेघेच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरलो. सहकारी दर शनिवारी न्यूरीला बाजाराला जायचे आणि मी मुलाला सांगायचो, अजून नाही. गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं. पहिल्या रविवारी बायको-मुलाला घेऊन निघालो, न्यूरी ओलांडून पाच-सहा किलोमीटरवरच्या कॅमलॉखला. तळ्याकाठी छोटंसं गाव. चर्च सुटलेलं, लोक गाड्यांत बसत होते. एका आजोबांना विचारलं, फ्रँक एकेन इथलेच ना? ते म्हणाले, "हो, त्यांच्या वेळी या डोंगरात किती बंदुका पुरलेल्या होत्या कुणास ठाऊक." आणि मग त्यांनी मुलाला विचारलं, तू कुठून आलास? तो म्हणाला, डंडॉकहून.